चिनी भाषेत बुद्धाला ‘फो’ का म्हणतात, आणि त्या अक्षराचा अर्थ खरंच ‘माणूस नव्हे’ असा आहे का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय की बोधगयेच्या चिनी विहारात भिंतीवर एक मोठं सोनेरी अक्षर होतं, गाईडने सांगितलं की हे ‘फो’, म्हणजे बुद्ध, डावीकडे ‘माणूस’ आणि उजवीकडे ‘नाही’, म्हणून अर्थ ‘जो माणूस नाही तो’. ताईंना ते खटकलं, आणि खटकणारच, कारण बुद्ध माणूस होता, मार्गदाता होता, मोक्षदाता नव्हता, यावर बाबासाहेबांनी केवढा भर दिलाय, आणि इथे तर अक्षरातच उलटं लिहिलंय असं कोणी सांगतंय. शिवाय घरी येऊन मोबाईलवर शोधलं तर याच अक्षराचे तीन-तीन उच्चार दिसले, मग खरा कुठला?

मी अभिजात चिनी बरीच वर्षं वाचतो आणि शिकवतो, आणि या एका अक्षराबद्दल मला जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी हेच विचारतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी थेट उत्तर: गाईडने सांगितलेला अर्थ चुकीचा आहे. उजवा भाग तिथे उच्चार दाखवायला बसवलेला आहे, अर्थ दाखवायला नाही. बुद्ध या अर्थी आजच्या प्रमाण चिनीत उच्चार ‘फ्वो’, चढत्या सुरात. बाकीचे दोन उच्चार जुन्या ग्रंथांतल्या वेगळ्या अर्थांसाठी आहेत, आणि ते अर्थ बुद्धाचं नाव चीनमध्ये कोणी ऐकलंही नव्हतं तेव्हापासूनचे आहेत.

आता अक्षर नीट बघू. एकूण सात रेघा. डावीकडच्या दोन म्हणजे ‘माणूस’, वरून डावीकडे खाली उतरणारी एक तिरकी आणि तिच्या मध्यातून सरळ खाली जाणारी एक. उजवीकडे पाच रेघा, त्यात तीन मिळून वळणं घेत उतरणारं धनुष्यासारखं नागमोडी काहीतरी होतं, आणि त्याला आरपार छेदून जाणाऱ्या दोन उभ्या रेघा, त्यातली डावीकडची खाली जाऊन डावीकडे वळते. हा उजवा भाग एकटा उभा राहिला तर ते एक स्वतंत्र अक्षर आहे, उच्चार ‘फू’, आणि अभिजात चिनीत त्याचा अर्थ खरोखर ‘नाही’ असाच आहे, साधारण ‘ते करत नाही’ अशा छटेचा. ‘लीजी’ म्हणजे विधींचा जो प्राचीन ग्रंथ आहे त्याच्या शिक्षणावरच्या प्रकरणात एक वाक्य आहे की उत्तम जेवण समोर असलं तरी ते खाल्लं नाही तर त्याची चव कळत नाही, तिथे ‘नाही’ साठी हेच अक्षर आलंय. म्हणजे गाईडने जे दोन तुकडे सांगितले ते तुकडे म्हणून बरोबरच होते, गडबड झाली ती दोघांची बेरीज करताना.

चिनी अक्षरांचा फार मोठा हिस्सा, म्हणजे बहुसंख्य अक्षरं, अशाच जोडणीची असतात: एक भाग विषय सांगतो (माणूस, पाणी, हात, मन वगैरे) आणि दुसरा भाग फक्त उच्चार सुचवतो. आता हाच उजवा ‘फू’ घ्या आणि त्याच्याशेजारी वेगवेगळे विषय ठेवून बघा. हात ठेवला की झटकणं, पुसणं. पाणी ठेवलं की उकळणं. खाली कवडी-शिंपला, म्हणजे जुनं चलन, ठेवलं की खर्च. मन ठेवलं की मनातली घुसमट, राग. आणि अगदी आधुनिक काळात रसायनशास्त्र आलं तेव्हा वायूचं चिन्ह ठेवून फ्लोरिनसाठी नवं अक्षर घडवलं, त्याचाही उच्चार ‘फू’. आता उकळणं म्हणजे ‘पाणी नव्हे’ का? खर्च म्हणजे ‘पैसा नव्हे’ का, असं कोणीतरी ओढूनताणून म्हणेलही, पण फ्लोरिन म्हणजे ‘वायू नव्हे’ असं कोणी म्हणणार नाही, कारण तो वायूच आहे. मग माणसाच्या शेजारी तोच भाग आला की अचानक ‘माणूस नव्हे’ कसं होईल?

आणि हे माझं मत आहे असं समजू नका. शू शन नावाच्या पंडिताने इसवी सन १०० मध्ये चिनी अक्षरांचा पहिला मोठा कोश पूर्ण केला (बादशहाला तो सादर झाला १२१ मध्ये), त्यात या अक्षराची नोंद आहे आणि ती अगदी छोटी आहे: अर्थ ‘स्पष्ट न दिसणं’, विषय ‘माणूस’, उच्चार उजव्या भागावरून. बास. बुद्धाचा उल्लेखसुद्धा नाही. म्हणजे या अक्षराला आपला असा एक अर्थ आधीपासून होता, अंधुक दिसणं, भास होणं, आणि तो अर्थ आजही जिवंत आहे, ‘जणू काही’ या अर्थी आजच्या चिनीत ‘फांगफू’ असा रोजच्या वापरातला शब्द आहे त्यातलं दुसरं अक्षर हेच. तिथे ते ‘फू’ वाचायचं, ‘फ्वो’ वाचलं की समोरचा लगेच ओळखतो की माणूस नवशिका आहे.

जुन्या ग्रंथांत तर याची आणखी मजेशीर रूपं सापडतात, आणि ताईंनी विचारलेल्या तीन उच्चारांचं उत्तर तिथेच आहे. त्या काळी लेखक सारख्या उच्चाराचं अक्षर दुसऱ्याच्या जागी बिनधास्त वापरायचे, त्यामुळे हे अक्षर कधी ‘झटकणं, वळवणं, विरोधात जाणं’ याच्या जागी येतं. लीजीतच शिष्टाचाराच्या प्रकरणात नियम आहे की कोणाला पक्षी भेट द्यायचा असेल तर त्याची मान बाजूला वळवून धरा, पाळलेला पक्षी असेल तर वळवायची गरज नाही. टीकाकार सांगतात की चोच लागू नये म्हणून. हे ‘वळवणं’ म्हणजे हेच अक्षर, उच्चार ‘फू’. मला हे वाक्य फार आवडतं, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बसून विचार केलाय की पाहुण्याच्या हाताला पक्ष्याने टोचू नये. वर मी ज्या शिक्षणाच्या प्रकरणाचा उल्लेख केला त्यातही वाईट शिक्षकांबद्दल एक तक्रार आहे की त्यांचं शिकवणं उलटंसुलटं आणि त्यांच्या अपेक्षाही विद्यार्थ्याच्या स्वभावाविरुद्ध, तिथे ‘विरुद्ध’ साठी पुन्हा हेच.

तिसरा उच्चार पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, रोमन ‘बी’ लावून लिहितात, पण आपल्या कानाला तो ‘पी’ लागेल, कारण चिनी रोमन लिपीतला ब हा खरं तर आपल्या प सारखा असतो, म्हणून तर ‘बीजिंग’ प्रत्यक्षात ‘पेइचिंग’ ऐकू येतं. हा उच्चार ‘मदत करणं, आधार देणं’ या अर्थी, काव्यसंग्रहांत सगळ्यात जुना जो आहे त्यातल्या एका राजस्तुतीत ‘माझ्या खांद्यावरच्या या ओझ्याला हात द्या’ अशा ओळीत टीकाकार झंग श्वानने तसा अर्थ लावलाय (त्याच्याही आधीच्या दुसऱ्या एका टीकेत मात्र ‘मोठं’ असा अर्थ आहे, म्हणजे प्राचीनांतही एकमत नव्हतं). आणि एक माणसाचं नावही आहे, कन्फ्यूशियसच्या संवादांत सतराव्या भागात पी-शी नावाचा एक अधिकारी बंड करतो आणि कन्फ्यूशियसला बोलावणं पाठवतो, कन्फ्यूशियस जायला निघतो, शिष्य झलू चिडतो, आणि गुरुजी म्हणतात की मी काय नुसता टांगून ठेवायचा भोपळा आहे का, जो कोणी खाणारच नाही? त्या ‘पी-शी’ मधला ‘पी’ म्हणजे आपलं हेच अक्षर. पहिल्यांदा वाचताना प्रत्येक विद्यार्थी इथे बुद्ध वाचतो आणि गोंधळतो, कन्फ्यूशियसला बुद्धाने बोलावलं की काय!

तर मग बुद्धासाठी हे अक्षर आलं कसं? इथे खरी गंमत उच्चाराची आहे, आणि आज ‘फ्वो’ ऐकून ती कळत नाही, जुना उच्चार शोधावा लागतो.

जुना उच्चार कळतो कसा, हे विचारण्यासारखं आहे, कारण चिनी लिपीत आपल्यासारखे बाराखडीचे वर्ण नाहीत. चिनी पंडितांनी त्यावर एक युक्ती काढली होती, ‘फानछ्ये’. एखाद्या अक्षराचा उच्चार सांगायला दोन सोपी अक्षरं द्यायची, पहिल्याची सुरुवात घ्यायची आणि दुसऱ्याचा उरलेला भाग, सुरासकट. ६०१ साली लू फायेनने अशा उच्चारांचा मोठा यमककोश केला आणि त्याचीच वाढवलेली आवृत्ती १००८ साली आली, ‘ग्वांगयुन’, त्यात २६,१९४ अक्षरं आहेत. त्यात आपल्या अक्षरासाठी जी दोन अक्षरं दिलीत ती दोन्ही आज ‘फू’ अशीच वाचतात, त्यामुळे आजच्या उच्चारांनी हिशेब केला तर काहीच हाती लागत नाही. पण त्या काळचे उच्चार घातले, जे कार्लग्रेन या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञाने आणि नंतरच्या अभ्यासकांनी बोलीभाषा, जपानी, कोरियन, व्हिएतनामी सगळं ताडून पुन्हा उभे केलेत, की पहिलं अक्षर साधारण ‘ब्यू’ आणि दुसरं ‘प्युत्’. पहिल्याचा ब, दुसऱ्याचा युत्. जोडा: ‘ब्युत्’. आणि ते दुसरं अक्षर कुठलं माहितीये? आपल्या अक्षराचा उजवा भाग, तोच ‘नाही’ वाला! म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा कोशकार सरळ सरळ सांगतोय की हा भाग आवाजासाठी वापरा.

‘ब्युत्’, ‘बुत्’. आता बुद्ध कुठून आला ते वेगळं सांगायला नको.

या ‘बुत्’ चा ‘फ्वो’ कसा झाला तेही बघू, कारण हे सगळे बदल एकट्या याच शब्दाचे नाहीत, पूर्ण भाषेचे आहेत. ओठांवरचे प-ब जेव्हा य आणि उ यांच्या आधी यायचे तेव्हा थांग काळाच्या (सातवं ते दहावं शतक) उत्तरार्धात ते दात-ओठांचे झाले, म्हणजे ब चा व्ह कडे प्रवास. मग उत्तरेकडच्या चिनीत घोष वर्ण अघोष झाले, व्ह चा फ झाला. मग शेवटचा त् गळाला. १३२४ साली चौ दछिंगने उत्तरेकडच्या नाटकांसाठी जो उच्चारकोश केला त्यात हे त्-क्-प् वाले शब्द वेगवेगळ्या सुरांत वाटून टाकलेले स्पष्ट दिसतात, आणि जे मुळात ब-द-ग ने सुरू व्हायचे ते गेले चढत्या सुरात. म्हणून आज ‘फ्वो’ चा सूर चढता, त्यात जुन्या ब ची खूण राहिलीये. एक सांगतो, नियमाने चाललं असतं तर बुद्धासाठीही ‘फू’ च व्हायला हवं होतं, जसं ‘फांगफू’ मध्ये झालंय. बुद्धाचा ‘फ्वो’ हा अपवाद आहे आणि तो तसाच पाठ करावा लागतो.

दक्षिणेकडे आणि शेजारी देशांत मात्र जुना आवाज अजून ऐकू येतो. कॅंटनीजमध्ये ‘फत्’, शेवटचा त् शाबूत, म्हणून आपण ज्याला फोशान म्हणतो ते ग्वांगदोंगमधलं शहर स्थानिक लोक ‘फत्-सान’ म्हणतात, म्हणजे बुद्धाचा डोंगर. हक्का बोलीत ‘फुत्’. तैवानी होकियेनमध्ये ‘हुत्’ आणि ‘पुत्’ दोन्ही. शांघायच्या बोलीत सुरुवातीचा घोष व्ह टिकलाय आणि शेवटी त् ऐवजी घशात तोडलेला झटका. व्हिएतनामी पुस्तकी भाषेत ‘फत्’, पण तिथल्या लोककथांत रडणाऱ्या गरीब मुलीसमोर येऊन ‘का रडतेस बाळ’ विचारणारा जो दयाळू म्हातारा असतो त्याचं नाव ‘बुत्’, हे चिनी भाषेतून नंतर आलेल्या पुस्तकी शब्दाहून जुनं रूप. कोरियनमध्ये ‘बुल’, कारण चिनीतला शेवटचा त् कोरियनमध्ये नियमाने ल होतो.

जपानीत तर एकाच अक्षराचे दोन चिनी उच्चार आहेत, ‘बुत्सु’ आणि ‘फुत्सु’. जपानीत शब्दाच्या शेवटी त् उभा राहत नाही म्हणून ‘त्सु’ लागतं. ‘बुत्सु’ पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास दक्षिण चीनच्या उच्चारांबरोबर गेलं, तेव्हा ब हा ब च होता. ‘फुत्सु’ नंतर चांगआन राजधानीच्या उच्चारांबरोबर गेलं, तोपर्यंत ब अघोष होत चालला होता. नाराची प्रचंड बुद्धमूर्ती, ‘दाइबुत्सु’, तिचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला, आणि त्या नावात आजही सहाव्या शतकातला चिनी ब ऐकू येतो. मला तर वाटतं की ज्याला जुनी चिनी शिकायचीये त्याने थोडी जपानी आणि थोडी कॅंटनीज शिकावीच, नुसत्या पेइचिंगच्या उच्चारांवर विसंबून जुनं काही नीट लागत नाही.

आता पुढचा मुद्दा, ‘बुद्ध’ दोन अक्षरी, मग ‘बुत्’ एकच अक्षर का? चिनी पुस्तकांत पूर्वी सर्रास लिहिलेलं असायचं की आधी ‘फ्वो-थ्वो’ असं दोन अक्षरी नाव होतं आणि त्याचं हे संक्षिप्त रूप. यावर जी श्येनलिन यांनी १९४७ साली एक लेख लिहिला. जी श्येनलिन म्हणजे ज्यांनी वाल्मीकी रामायण चिनीत आणलं आणि ज्यांना २००८ साली भारत सरकारने पद्मभूषण दिलं, जर्मनीत गॉटिंगेनला राहून ते मध्य आशियातली तोखारी भाषा शिकले होते. त्यांचं म्हणणं असं की एक अक्षरी नाव आधीचं आहे, दोन अक्षरी नंतरचं, म्हणजे संक्षेप नव्हेच. बुद्धाचं नाव चिन्यांना थेट संस्कृतातून नाही तर मध्य आशियातल्या लोकांच्या तोंडून कळलं, आणि त्या भाषांत शेवटचा स्वर आधीच गळालेला होता. तोखारीत बुद्धाला जे म्हणायचे त्याचा पहिला भाग ‘पत्’ किंवा ‘पुद्’, पुढे ‘देव’ या अर्थाचा शब्द जोडलेला. सोग्दी या मध्य आशियातल्या इराणी वळणाच्या भाषेतही ‘बुत्’ सारखंच रूप. फारसीतला ‘बुत’, म्हणजे मूर्ती, जो आपल्याला हिंदी-उर्दूतून ओळखीचा आहे, तोही बुद्धावरूनच. तोखारीच का, इराणी भाषा का नाहीत, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि मला स्वतःला इराणी वळणाच्या भाषांकडे जास्त झुकावंसं वाटतं, कारण चिनीत बौद्ध सूत्रं आणणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांत १४८ साली लुओयांगला आलेला आन शिगाव हा पार्थियन, म्हणजे इराणकडचा, होता. पण मूळ मुद्दा, की एक अक्षरी नाव स्वतंत्रपणे आलं, तो मला पूर्ण पटतो.

त्याहून जुनं एक रूप आहे, आजच्या उच्चारात ‘फूथू’, हान काळात (इसवी सनाच्या आधीची आणि नंतरची साधारण दोन-दोन शतकं) साधारण ‘बुदा-बुदो’ च्या आसपासचं. ६५ सालची गोष्ट आहे, हान सम्राट मिंगने जाहीर केलं होतं की गुन्हेगारांना रेशीम भरून शिक्षा माफ करून घेता येईल, तर त्याच्या सावत्र भावाने, छू चा राजा ल्यू यिंगने, काही आरोप नसताना घाबरून तीस ठाण रेशीम पाठवलं. सम्राटाने ते परत केलं आणि लिहिलं की राजा ‘फूथू’ च्या दयाळू उपासनेत आहे, त्याच्यावर कसला संशय, हे रेशीम उपासकांच्या आणि श्रमणांच्या भोजनाला वापरा. त्या पत्रात ‘उपासक’ आणि ‘श्रमण’ हे दोन्ही शब्द चिनी अक्षरांत आवाजाने लिहिलेत, ‘यिफुसाय’ आणि ‘सांगमन’ असे. बुद्धाचं नाव चीनच्या राजदरबारी कागदपत्रांत असं येतं, आणि येतं ते आवाज म्हणून, अर्थ म्हणून नाही. (कनिष्काच्या सोन्याच्या नाण्यावर ग्रीक लिपीत ‘बोद्दो’ लिहिलेलं आहे, बॅक्ट्रियन भाषेत, ‘फूथू’ त्याच्याशी किती जवळचं आहे बघा.) पुढे ‘फूथू’ चा अर्थ सरकत सरकत स्तूप, पॅगोडा असा झाला, आजही चिनी म्हण आहे की एक जीव वाचवणं हे सात मजली फूथू बांधण्यापेक्षा मोठं.

दोन अक्षरी ‘फ्वो-थ्वो’ मात्र बघण्यासारखं आहे. जुन्या उच्चाराने ‘बुत्-दा’. पहिल्या अक्षराचा त् आणि दुसऱ्याचा द एकमेकांना भिडले की आपला ‘द्ध’ तयार होतो. भाषांतरकारांचा कान केवढा तयार होता! आणि हीच पद्धत थेट आपल्या दारापर्यंत येते. श्वानझांग, म्हणजे आपल्या पुस्तकांतला चिनी प्रवासी ह्युएन त्संग, सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, महाराष्ट्रात आला होता, त्याने आपल्या प्रवासवर्णनाच्या अकराव्या भागात या देशाचं नाव चार अक्षरांत लिहिलंय, आजच्या चिनीत ते ‘मो-ह-ला-छा’ असं काहीतरी विचित्र वाचतात. थांग काळच्या उच्चाराने वाचा: म, हा, लत्, ठा. ‘महालट्ठा’. चिनीत र नव्हता म्हणून ल, बाकी तिसऱ्या अक्षराचा त् पुढच्या ठ ला चिकटवून त्याने प्राकृतातला ‘महारट्ठा’ जवळपास जसाच्या तसा उतरवलाय, मूर्धन्य ठ सुद्धा चुकवला नाही. पुलकेशीचं नाव तर त्याने ‘पु-ला-के-शा’ असं लिहिलंय. त्या काळच्या चिनी भिक्षूंना वर्णांचं एवढं भान होतं कारण संस्कृत वर्णमाला त्यांच्या अभ्यासात होती, नंतर त्यांनी चिनी ध्वनींचं जे कोष्टक केलं त्यात ओठांच्या ओळीत क्रम आहे प, फ, ब, म. आपलाच प-वर्ग, फक्त भ नाही, कारण तो चिनीत नव्हताच.

मग अर्थ? आवाजासाठी एवढी अक्षरं होती त्यातून ‘अंधुक दिसणं’ वालंच का उचललं? माझ्या मते दोन कारणं पुरेशी आहेत: रोजच्या लिखाणात ते फारसं वापरात नव्हतं म्हणून गोंधळ होणार नव्हता, आणि त्यात डावीकडे माणूस होता. हो, माणूस आहे म्हणून. एका माणसाचं नाव लिहायचं तर माणसाचं चिन्ह असलेलं अक्षर बरं, एवढा साधा विचार. इतर शब्दांतही असंच केलंय, संघासाठीच्या अक्षरात डावीकडे माणूस, स्तूपासाठीच्या अक्षरात माती (जुना उच्चार ‘थाप्’, प्राकृत ‘थूप’ वरून), मार, म्हणजे बुद्धाला मोहात पाडू पाहणारा, त्याच्या अक्षरात भूत. विषय डावीकडे किंवा खाली, आवाज दुसऱ्या बाजूला.

आणि बुद्ध या शब्दाचा अर्थ काय हे चिनी बौद्धांनी कधी अक्षर फोडून सांगितलं नाही असं नाही, प्रवचनात अजूनही काही भिक्षू ‘माणूस असून माणसापलीकडचा’ असं सुंदर सांगतात, आणि प्रवचन म्हणून त्याला माझी हरकत नाही, पण व्युत्पत्ती म्हणून आहे. ग्रंथांत जिथे रीतसर अर्थ दिलाय तिथे तो आहे ‘जागा झालेला’: स्वतः जागा झाला, दुसऱ्यांना जागं करतो, आणि त्या जागेपणाचं आचरण पूर्णत्वाला नेलंय. बुध् धातूचा अर्थ त्यांना पक्का माहीत होता.

ताईंच्या मूळ काळजीसाठी आणखी एक दाखला देतो. ८१९ साली फामन मठातलं बुद्धाचं बोटाचं हाड सम्राट श्येनझोंगने राजवाड्यात आणवलं, तेव्हा हान यू या मोठ्या गद्यलेखकाने त्याला कडाडून विरोध करणारा अर्ज लिहिला. त्यात एक वाक्य आहे की हा बुद्ध मुळात परदेशी रानटी लोकांतला माणूस, त्याची बोली चीनची नाही, त्याचे कपडे वेगळे. शब्द अपमानाचे आहेत, त्याला त्यापायी दूर छाओझौला हाकलण्यात आलं, पण बघा, हे अक्षर आणि ‘माणूस’ हे अक्षर एकाच वाक्यात आहेत, आणि अभिजात चिनीचा एवढा मोठा जाणकार सरळ लिहितोय की बुद्ध माणूस होता. अक्षरातच ‘माणूस नव्हे’ असतं तर हे वाक्य त्याच्या हातून असं उतरलं नसतं.

आता प्रत्यक्ष म्हणायचं कसं. फ हा ‘फळ’ मधला नाही, ‘फोन’ मधला, खालच्या ओठाला वरचे दात लावून. रोमन लिपीत नुसतं ‘फो’ दिसतं पण मध्ये हलका व येतो, ‘फ्वो’. आणि सूर खालून वर, कोणी हाक मारल्यावर आपण ‘हो?’ असं विचारतो तसा. सपाट ‘फो’ म्हटलं तरी कळतं, पण सूर चुकून खाली पडला तर ऐकणाऱ्याला एक क्षण थांबावं लागतं. जुना मजकूर वाचत असाल तर आधी तारीख बघा: हान काळाच्या आधीचा असेल तर बुद्ध शक्यच नाही, ‘फू’ किंवा ‘पी’ चा विचार करा आणि टीकेत उच्चार दिलाय का बघा, बहुतेकदा दिलेला असतो.

त्याच भिंतीवर ताईंना बहुतेक सहा अक्षरांची एक उभी ओळही दिसली असेल, चिनी विहारात ती असतेच, अमिताभ बुद्धाला वंदन. तिची पहिली दोन अक्षरं सुटी वाचली तर ‘नान’ आणि ‘वू’, म्हणजे ‘दक्षिण’ आणि ‘नाही’, आणि त्यावरही ‘दक्षिणेला काही नाही’ असे अर्थ लावणारे मी ऐकलेत. तिथे वाचायचं ‘ना-मो’. जुना उच्चार ‘नम्-म्यू’, म्हणजे आपलं ‘नमो’. ओळीतलं शेवटचं, सहावं अक्षर आपलं हेच.

आणि विहाराच्या कमानीवर हे अक्षर कोरून घ्यायचा विचार आहे असं ताईंनी शेवटी लिहिलंय, तर चीन आणि तैवान दोन्हीकडे सात रेघांचं रूपच चालतं, यात सोपं-पारंपरिक असा फरक नाही. जपानमध्ये मात्र उजवा भाग काढून तिथे दोनच रेघांचं चिन्ह घालतात, एकूण चार रेघा, तेव्हा इंटरनेटवरून चित्र उचलताना कारागिराला ते जपानी रूप देऊ नका, आणि उजव्या भागातल्या दोन उभ्या रेघांपैकी डावीकडची खाली वळलेली आहे की नाही ते दगडावर घालायच्या आधी स्वतः तपासा, कारण ती सरळ काढायची चूक कारागिरांकडून हमखास होते.